मोळी आणि आंघोळ

गेल्या रविवारी शाळेतल्या मित्राचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तो आता मुख्याध्यापक आहे. ‘श्यामची आई’ मुलांच्या वाचनयादीत ठेवायचं की काढायचं, यावरून त्याच्या शिक्षकांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, रडकं पुस्तक आहे, मुलांना उगाच अपराधी वाटायला लावतं. दुसरा म्हणतो, हात लावाल तर खबरदार. मी विचारलं, “यांच्यापैकी अलीकडे कुणी वाचलंय?” तो म्हणाला, “अरे, लहानपणी वाचलंय की सगळ्यांनीच.” आणि वर म्हणाला, “तुम्ही बाहेर गेलेली माणसं जुनंच उगाळत बसता. इथे मराठी केव्हाच पुढे गेलं.”

ते मला लागलं. स्टुटगार्टला येऊन मला सव्वीस वर्षं झाली. चार घरं बदलली, प्रत्येक वेळी पुस्तकांची खोकी आधी उचलली. पण चिडलो ते यासाठी नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर पुस्तकाला फाशी द्यायची किंवा देव्हाऱ्यात बसवायचं, याला वाचणं म्हणायचं का?

त्याच संध्याकाळी जिना पुसून झाल्यावर (या आठवड्याची केहरवोखं, म्हणजे इमारतीच्या साफसफाईची पाळी, आमची होती) माझी बक्षिसात मिळालेली प्रत काढली. अकराव्या वर्षी वाचताना मी श्याम होतो आणि सांगणारे साने गुरुजी कुणी पिकल्या केसांचे आजोबा. आता हिशेब केला. नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं गेलं ते १९३३च्या फेब्रुवारीत. गुरुजींचा जन्म १८९९चा. म्हणजे तेव्हा तेहतीस वर्षांचा तरुण! माझ्याकडे रजेच्या अर्जावर सही घ्यायला येणारी मुलं याहून मोठी आहेत. हे कळल्यावर प्रत्येक पानाचा आवाज बदलला. आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईबद्दल सांगणारा तो पोरगा किती एकटा असेल, हे अकराव्या वर्षी मला कसं कळणार होतं?

आणि रडकं म्हणणाऱ्यांनी पोहण्याचा प्रसंग पुन्हा वाचावा. भिऊन लपलेल्या मुलाला ती बाई शिंपटीनं मारून पाण्याकडे धाडते.

मी अडलो तो मात्र मोळीपाशी. म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते, कुणी उचलून द्यायला तयार नसतं, आई श्यामला पाठवते. ही दया माझ्या पक्की लक्षात होती. तिच्या शेजारचं वाक्य मी पार विसरलो होतो: लोक बोललेच तर सांग, घरी जाऊन आंघोळ करणार आहे. आंघोळ! बेचाळीस वर्षं मी मोळी लक्षात ठेवली आणि आंघोळ गाळली. हे माझ्या स्मरणानं का केलं, याचं उत्तर मला आवडलेलं नाही. माझ्या घरातही कुणाकुणाचा कप वेगळा असायचा.

हेच गुरुजी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. मोळीचा प्रसंग वाचल्याशिवाय हे अंतर मुलांना दिसणार कसं? पुस्तक काढा म्हणणारे ते लपवतात आणि हात लावू नका म्हणणारेही.

इथे २०१३च्या जानेवारीत ओटफ्रीड प्रॉयसलरच्या छोट्या चेटकिणीवरून वर्तमानपत्रं भांडली होती. १९५७चं मुलांचं पुस्तक, त्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा जुना शब्द काढायचं आमच्याच शहरातल्या प्रकाशकानं ठरवलं. मला आवडलं ते हे, की भांडण पान उघडून, शब्दावर बोट ठेवून झालं. मी मित्राला हे सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. तो गप्प राहिला.

नंतर मोळीचा प्रसंग लेकीला वाचून दाखवला. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी कळते, वाचता येत नाही. “आंघोळ कशाला?” तिनं विचारलं. मी सांगायला लागलो, “आपल्याकडे तेव्हा...” तिनं तिथेच थांबवलं. “आपल्याकडे म्हणजे? तुझ्याकडे.”

रागानं नाही म्हणाली, नुसतं दुरुस्त केलं, माझं जर्मन व्याकरण करते तसं. पण तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरतोय. मित्राच्या शाळेच्या यादीशी माझा काय संबंध? तिथे माझं मूल शिकत नाही, मला तिथे मत नाही. तरी फोन ठेवल्यावर दोन तास मी मनातल्या मनात मुद्दे मांडत होतो, जणू स्टाफरूममध्ये मला खुर्ची ठेवलीय.

काल त्याचा पुन्हा फोन आला. “वाचलंस का पूर्ण?” मी हो म्हणालो. ते खरं नव्हतं. बेचाळीस रात्रींपैकी एकोणचाळीस वाचल्यात. पुढे श्याम घराकडे निघतो आणि पोचतो तेव्हा आई गेलेली असते. माझी आई गेली तेव्हा मी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर होतो, बोर्डिंग सुरू व्हायचं होतं. पुस्तक दिव्याजवळ पालथं ठेवलंय.