नागद्वारी केली म्हणून केदारनाथ सोपं होत नाही

आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "नागद्वारी, चौरागड केलेल्याला केदारनाथ, अमरनाथ जड नाही. कापूर हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. डॉक्टर लागत नाही. दम लागलाच तर हेलिकॉप्टर आहे. महादेवानं बोलावलं त्याला काही होत नाही." वरूड-मोर्शीकडची बरीच मंडळी मे महिन्यात निघतायत, म्हणून लिहितो.

सातपुड्यात पचमढीला नागपंचमीच्या पावसात निसरड्या दगडांवरून नागद्वारी करणारे, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे आपले लोक कणखर आहेत, यात वाद नाही. पण अख्ख्या सातपुड्यात सगळ्यात उंच धूपगड, तोही 1,350 मीटरच. केदारनाथ 3,583 मीटरवर, अमरनाथची गुहा 3,888 वर. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 च्या पुढं सुरू होतो. नागद्वारीत पायांची परीक्षा होते, त्या हवेशी गाठच पडत नाही. उलट पायात जोर असलेला माणूस भरभर चढतो आणि लवकर त्रासात सापडतो.

माझ्या काकानं सात वेळा नागद्वारी केलेली. केदारनाथची पायवाट सुरू होते ते गौरीकुंड सुमारे 1,980 मीटरवर. तिथून पहाटे निघून 16 किलोमीटर एका दमात चढायचा बेत. कमरेला कापराची पुडी. वाटेतल्या लिंचोलीच्या वर त्याला त्या पुडीची गाठ सुटेना. बोटं नुसती दोऱ्यावर फिरत होती. मग झोकांड्या जायला लागल्या. माळकरी माणूस, आणि बाजूचे म्हणाले, पिऊन आलाय. मेंदूला सूज येऊ लागली की असंच होतं. कंडीवाल्याच्या पाठीवर बसवून खाली आणला, म्हणून वाचला.

कापरानं नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, एवढंच. हवेत ऑक्सिजनचा वाटा इथं 21 टक्के, तिथंही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब; साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. तो कापरानं कसा वाढेल? आणि कृपा करून पोरांच्या तोंडात खडी देऊ नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात.

डॉक्टर लागत नाही म्हणता, तर अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्राशिवाय सोडतच नाहीत. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी महिनाभर आधी दाखवून घ्या. हेलिकॉप्टर तर काही मिनिटांत वर नेतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

राहिलं महादेवाचं बोलावणं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाते ती महिनाभर, मुक्काम करत करत. तिथं मुक्कामाला थांबणाऱ्याची भक्ती कोणी मोजत नाही, मग केदारनाथच्या वाटेवर का मोजता? डोकं दुखून मळमळलं तर तिथंच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, तर लगेच खाली उतरा. सकाळची वाट पाहू नका.

काका यंदा पुन्हा निघालाय. एक मुक्काम गौरीकुंडाला, दुसरा लिंचोलीला, जिथून तो मागच्या खेपेला उतरला होता.