स्क्रीनशॉट दाखवून डीजे जप्त होत नाही

लग्नसराई आली की लातूर, नांदेड, परभणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप टाका. पोलिसांच्या मीटरमध्ये अन् मोबाईलमध्ये काही फरक नसतो. ५५ च्या वर आकडा गेला की स्क्रीनशॉट काढा, डीजे जप्त करावाच लागतो. आकडा कमी आला तर तक्रार करू नका, तुमचीच फजिती होईल.’

पाठवणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण शेवटची ओळ वाचून माणसं गप्प बसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘काही फरक नसतो’ हे घेऊ. एका कठड्यावर दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन शेजारी ठेवा, दोन्हीत एकच अ‍ॅप लावा. आकडे सहसा जुळत नाहीत. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. मागचा गोंगाट दाबणं, आवाज आपोआप कमीजास्त करणं हे फोन स्वतःच करतो. त्यात खालच्या कडेचं ते बारीक छिद्र कव्हरने किंवा बोटाने झाकलं गेलं तर संपलंच. खऱ्या मीटरला वर्ग १ किंवा वर्ग २ असा दर्जा असतो आणि ९४ डेसिबलचा ठरलेला आवाज ऐकवून तो तपासता येतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं आवाज मोजायचं अ‍ॅप चांगलं आहे, साधारण २ डेसिबलच्या फरकाने बरोबर येतं. पण ते फक्त आयफोनसाठी आहे, कारण अँड्रॉइड फोनचे माइक इतक्या तऱ्हांचे असतात की सगळ्यांची हमी देता येत नाही. आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच.

दोन-चार डेसिबलने काय बिघडतं, असं वाटेल. ही मोजणी साधी बेरीज नव्हे. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, १० वाढले म्हणजे दहापट.

आता ५५. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५, हे बरोबर. पण ती ठराविक वेळेतल्या सरासरी पातळीची आहे; हॉर्न वाजला, आकडा क्षणभर उडाला, तो काही त्या सरासरीचा आकडा नव्हे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तक्रारीसाठी मर्यादेच्या १० डेसिबल किंवा जास्त वर, असं म्हटलंय. म्हणजे दिवसा ५६ चा स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलात तर हात हलवत परत याल.

आकडा कमी आला म्हणजे त्रास नाही, हे तर साफ चूक. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की घराच्या काचा थरथरतात, छातीत धडधड होते, ती खर्जातल्या आवाजाने. डेसिबलची नेहमीची मोजणी, जिला ‘ए’ म्हणतात, ती खर्ज मुद्दाम कमी धरते: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबलने, ५० हर्ट्झला ३० ने. फोनचा माइकही बऱ्याचदा खालचे सूर गाळतो. खोलीत आजारी म्हातारी दचकून उठते आणि अ‍ॅप शांतपणे साठ दाखवतं. अ‍ॅपमध्ये खर्ज फारसा कमी न धरणारी ‘सी’ मोजणी असेल तर तीही लावून बघा, दोन आकड्यांतलं अंतरच खर्ज किती आहे ते सांगेल.

पण मेसेजमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायलाच बंदी आहे. सण-उत्सवासाठी सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, तेवढंच. बाकी रात्री डेसिबल किती हा प्रश्नच येत नाही. १० नंतर डीजे चालू असेल तर तक्रारीला आकडा लागत नाही, अ‍ॅपही लागत नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा शांतता पट्टा सरकारने जाहीर केलेला असेल, तर तिथे मर्यादा आणखी खाली: दिवसा ५०, रात्री ४०.

अ‍ॅप ठेवाच. आवाज कधी वाढला, कोणत्या दिशेने जास्त, याचा अंदाज त्यातून मिळतो. तक्रार मात्र अशी करा: ११२ ला फोन, नेमकं ठिकाण, सुरू झाल्याची वेळ, आसपास दवाखाना किंवा शाळा असेल तर तिचं नाव, आणि दिवसाची वेळ असेल तर ‘मीटर घेऊन या’ अशी स्पष्ट मागणी. आपलं नाव मंडपवाल्यांपर्यंत जाऊ नये, हेही त्याच फोनवर सांगून ठेवा.