‘अख्खं रॉकेट प्रिंट करा’ म्हणणाऱ्या त्या व्हिडिओला माझं उत्तर

तोच एक दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय, आणि चौघांनीही खाली तेच विचारलंय, ‘खरंच असं होतं का?’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यातला माणूस म्हणतो की कागदाची नळी आणि बाल्सा लाकूड हे सगळं जुनं झालं, घरी थ्रीडी प्रिंटर असेल तर अख्खं मॉडेल रॉकेट छापा, इनफिल (वस्तूच्या आत किती प्लास्टिक भरायचं ते) १०० टक्के ठेवा म्हणजे तुटायचा प्रश्न नाही, छापलेली वस्तू मापात असतेच त्यामुळे बॅलन्स वगैरे तपासत बसू नका, रेडिमेड मोटर (इंधन भरलेली, रॉकेटला वर ढकलणारी नळी) म्हणजे कंपन्यांची लूट, मोटरची नळी पण छापा नि मसाला घरीच भरा, वात लावा आणि पळा, आणि प्लास्टिक हलकं असतं त्यामुळे पॅराशूट नसलं तरी चालतं.

माझ्याकडे प्रिंटर आहे, छापलेले भाग लावून रॉकेट मी उडवतो, त्यामुळे प्रिंटरवर माझा काही राग नाही. पण या यादीतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि दोन तर थेट हॉस्पिटलात नेणारी आहेत.

आधी वजनाचं घेऊ, कारण बाकीचे निम्मे घोळ तिथूनच निघतात. ‘प्लास्टिक हलकं असतं’ हे कशाच्या तुलनेत? पीएलएची (प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लास्टिक) घनता घनसेंमीला १.२४ ग्रॅम आहे, बाल्साची ०.१६ च्या आसपास. आता २५ मिमी व्यासाची ३० सेंमी लांब बॉडी ट्यूब छापा, भिंत १.२ मिमी, म्हणजे नेहमीच्या ०.४ मिमीच्या नोझलने (प्लास्टिक बाहेर सोडणारं तोंड) तीन रेघा. गुणाकार करून बघा, २८ घनसेंमी प्लास्टिक, म्हणजे ३५ ग्रॅम. तेवढीच कागदी ट्यूब सात-आठ ग्रॅमची असते. पुढे ५ बाय ५ सेंमीचे ३ मिमी जाड चार फिन्स (शेपटाजवळचे पंख), त्यांचे ३७ ग्रॅम (बाल्साचे चारही मिळून चार-पाच), आणि त्याच्या सल्ल्याप्रमाणे ठोस भरलेला ८ सेंमीचा नोज कोन (रॉकेटचं टोक), तो २७ च्या घरात. झाले ९९. त्यात सी६ मोटर साधारण २४ ग्रॅमची, आणि शॉक कॉर्ड (टोक आणि ट्यूब एकत्र बांधून ठेवणारी दोरी), पॅराशूट वगैरे दहा धरा. १३३ ग्रॅम. सी६-५ या मोटरला उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं ११३ ग्रॅम. म्हणजे व्हिडिओतलं ‘मजबूत’ रॉकेट पॅडवर उभं करण्याआधीच नापास.

हे सी६-५ काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण हे कळलं की अर्धा खेळ कळतो. अक्षर म्हणजे मोटरमध्ये एकूण जोर किती (सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्या दुप्पट), पहिला आकडा म्हणजे सरासरी थ्रस्ट (वर ढकलणारा जोर) न्यूटनमध्ये, आणि शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पुढच्या बाजूला छोटा स्फोट होऊन पॅराशूट बाहेर पडणार. ठोकताळा असा की थ्रस्ट वजनाच्या निदान पाचपट पाहिजे. १३३ ग्रॅमला खाली ओढणारा जोर १.३ न्यूटन, सरासरी थ्रस्ट ६, म्हणजे ४.६ पट. काठावरचं वाटतं ना, पण असं जड रॉकेट लाँच रॉड (सुरुवातीला त्याला सरळ धरणारी दांडी) सोडताना हळू असतं, आणि हळू असताना फिन्सवरून पुरेशी हवा वाहत नाही, त्यामुळे ते जरा वाऱ्यानेही तिरकं होतं. वर त्या शेवटच्या आकड्याचा त्रास वेगळाच. जड रॉकेट कमी उंचीवर जाऊन लवकर वळतं, पाच सेकंद होईपर्यंत ते नाक खाली करून सुसाट येत असतं, आणि तेव्हा पॅराशूट उघडलं की एक तर दोऱ्या तुटतात नाहीतर शॉक कॉर्ड ट्यूब चिरत जाते. तेच रॉकेट ७० ग्रॅमचं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

‘१०० टक्के इनफिल म्हणजे मजबूत.’ नाही हो. छापलेली वस्तू तुटते ती दोन थरांच्या मधून, आणि तिथली पकड इनफिल वाढवून फारशी सुधारत नाही, वस्तू छापताना तुम्ही ती कशी ठेवली यावर ती ठरते. उभी छापलेली ट्यूब म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या बांगड्यांची चळत समजा. वरून दाबा, काही होत नाही. वाकवा किंवा झटक्यात ओढा (पॅराशूट उघडताना नेमकं हेच होतं), दोन बांगड्यांच्या मधून कट. फिन्सचंही तेच. सुटा फिन प्रिंटरच्या बेडवर आडवा ठेवून छापला तर रेघा त्याच्या पात्यात लांबवर जातात आणि तो चांगला टिकतो, तोच फिन मुळावर उभा करून छापला तर पहिल्या लँडिंगला मुळापासून टचकन जातो, मग आत इनफिल कितीही असू दे. नोज कोनला माझ्या मते दोन भिंती पुरतात, आत पाच टक्के किंवा चक्क पोकळ. शिवाय ठोस प्लास्टिकचं टोक डोक्यावर पडणं आणि पोकळ टोक पडणं यात फरक आहे, मॉडेल रॉकेटच्या सुरक्षा नियमांत नोज कोन, बॉडी आणि फिन्स हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचे करा असं लिहिलंय ते उगाच नाही.

आणि उष्णता! पीएलए साधारण ६० अंशांला मऊ पडायला लागतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेले फिन्स केळ्यासारखे वाकलेले मी स्वतः काढलेत. मोटरची कागदी केस जळताना तितकी तापत नाही, पण नंतर आतली उष्णता बाहेर झिरपते, आणि मोटर माउंट (मोटर बसते तो भाग) पीएलएचा असेल तर तो मोटरला मिठी मारून बसतो, मग पक्कड घेऊन बसा. पेटजी हे दुसरं प्लास्टिक जरा बरं, ते ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं. मी माउंटला आतून कागदी नळीच लावतो, बाहेरच्या रिंगा तेवढ्या छापतो.

आता बॅलन्स. ‘छापलेली वस्तू मापात असतेच.’ माप बरोबर असणं आणि रॉकेट स्थिर असणं यांचा काडीचा संबंध नाही. रॉकेट सरळ जायला त्याचा गुरुत्वमध्य (जिथे तोल साधतो तो बिंदू) पुढे आणि दाबकेंद्र (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) मागे लागतं, दोघांत निदान एका बॉडी व्यासाचं अंतर. दाबकेंद्र आकारावरून निघतं, ते काढायची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात दिली आणि आज ओपनरॉकेट हे फुकट सॉफ्टवेअर ते गणित क्षणात करून देतं. गुरुत्वमध्य मात्र वजनावरून ठरतो, आणि बाल्साच्या जागी प्लास्टिकचे फिन्स लावले की चार ग्रॅमचे ३७ होतात, तेही अगदी शेपटाला! डिझाइन तेच, आकार तेच, आणि रॉकेट अस्थिर.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझं पहिलं छापलेलं रॉकेट एका तयार कागदी रॉकेटची हुबेहूब नक्कल होती, फिन्स आणि ते बसतात ती नळी एकाच तुकड्यात छापलेली, दिसायला इतकं देखणं की तपासायचं सुचलंच नाही. रॉड सोडला, दोन-तीन माणसं उंच गेलं आणि सुदर्शन चक्रासारखं फिरत आमच्याच दिशेला आलं. कोणाला लागलं नाही. चूक शंभर टक्के माझी. घरी येऊन ओपनरॉकेटमध्ये खरी वजनं टाकली तर गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या मागे निघाला. पुढच्या वेळी नाकात माती भरली, ते सरळ गेलं, पण वजन वाढल्यामुळे उंचीच मिळेना. म्हणजे शेपटाचं एक ग्रॅम वाचवलं की नाकातली मातीही वाचते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

तपासायला सॉफ्टवेअर नको असेल तर दोरी पुरते. न जळलेली मोटर आणि गुंडाळलेलं पॅराशूट आत ठेवून (हे महत्त्वाचं, रिकामं रॉकेट तपासून काही कळत नाही) रॉकेट बोटावर तोला, तोल साधेल तिथे दोरी बांधून टेपने पक्की करा आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. शेपूट पुढे आलं किंवा ते गटांगळ्या खायला लागलं तर उडवू नका.

आता तो मोटरचा मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं टाइप करायला घेतलं. ‘रेडिमेड मोटर म्हणजे लूट.’ जरा इतिहास बघा. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑरव्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता, त्याला शोभेच्या दारूचा नाद. भावासोबत, म्हणजे रॉबर्टसोबत, त्याने १९५४ मध्ये कागदी रॉकेट बनवलं, त्यात बदलता येणारी तयार मोटर आणि खाली यायला पॅराशूट. पुढे १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन या रॉकेटवाल्याने पोरं घरी रॉकेटं बनवण्याच्या नादात जखमी होतात यावर एक लेख लिहिला, तो वाचून कार्लाइलने आपली मॉडेल्स त्याला पाठवली, आणि त्यातून हा छंद उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक गेला आणि जो तो पोरगा तळघरात पाइपात काहीबाही ठासायला लागला. म्हणजे तयार मोटर हा या छंदावर नंतर लादलेला खर्च नव्हे, पोरांची बोटं वाचवायला जो उपाय निघाला तोच हा छंद आहे!

आणि घरच्या मोटरमध्ये नक्की बिघडतं काय? घन इंधन जितका दाब जास्त तितकं वेगाने जळतं. आत एक बारीक चीर किंवा पोकळी राहिली की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, त्याने दाब वाढतो, दाबाने जळणं वाढतं, त्याने परत दाब, आणि हे चक्र सेकंदाच्या छोट्याशा भागात पूर्ण होतं. कारखान्यातल्या मोटरमध्ये सुद्धा कधीतरी असं होतं, पण तिथे जाड कागदाची केस फाटते. तुमच्याकडे ६० अंशांला मऊ होणारी, थराथराच्या मधून गळणारी प्लास्टिकची नळी आहे आणि आतला वायू हजार अंशांच्या पुढे. ती फुटली की कागदासारखी फाटत नाही, तिच्या धारदार चिपा उडतात. तुमचं बिल्ड कितीही नीटनेटकं असो, मसाला घरी भरायचा नाही आणि मोटरची केस छापायची नाही. प्रमाणित मोटरच घ्यायची, आणि ती विकत घ्यायला नि उडवायला तुमच्या देशात काय परवानगी लागते ते आधी बघायचं. मिळत नसेल तर पाण्याच्या किंवा हवेच्या दाबावरची रॉकेटं आहेत, त्यातही छापलेले फिन्स मजेत वापरता येतात.

वातीचं एका ओळीत सांगतो, पेटलेली वात थांबवता येत नाही. रॉकेट आडवं पडलं, कोणी पोर धावत आलं, तुम्ही फक्त बघत बसणार. म्हणून विजेचा इग्नायटर, लांब वायर, काढता येणारी सेफ्टी की आणि बोट उचललं की आपोआप बंद होणारं बटण. डी किंवा त्याहून लहान मोटरला ५ मीटर, मोठीला ९ मीटर लांब उभं राहायचं, रॉड उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत, वारा ताशी ३२ किमीच्या वर असेल तर घरी जायचं. बटण दाबून काही झालं नाही तर की काढायची आणि पूर्ण ६० सेकंद कोणी जवळ जायचं नाही. हे साठ सेकंद फार लांब वाटतात, मान्य, घड्याळ लावा.

पॅराशूट. ८० ग्रॅमचं रॉकेट ३० सेंमीच्या पॅराशूटवर साधारण सेकंदाला ५ मीटरने उतरतं. तेच पॅराशूटशिवाय नाकावर आलं आणि समजा ४५ मीटरने आलं, तर वेग नऊपट, पण आदळतानाची ऊर्जा ८१ पट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ‘हलकं’ प्लास्टिक. पॅराशूटच्या खाली आग न पकडणारं वॉडिंग (कागदाचे बोळे) विसरू नका, नाहीतर तो बाहेर ढकलणारा गरम वायू पॅराशूटचा गोळा करून टाकतो, आणि छापलेल्या नोज कोनचा खांदा ट्यूबमध्ये घट्ट बसत असेल तर घासा. रॉकेट उलटं धरून हलकेच हलवलं तर कोन पडू नये, पण दोन बोटांनी विनासायास निघावा. माझा एक कोन सकाळी घरात नीट बसत होता, दुपारी उन्हात प्लास्टिक जरासं फुगलं आणि तो निघालाच नाही. त्या दिवशी ते ८१ पट बघितलं, जमिनीत चार बोटं रुतलेलं.

तर प्रिंटर कशाला वापरायचा? नोज कोनला, कारण हवा तो आकार मिळतो (आणि व्हिडिओतल्यासारखा सुईटोकी नको, आवाजाच्या वेगाखाली गोलसर टोकाला कमी अडथळा होतो, थरांच्या रेघा मात्र घासून काढा). सेंटरिंग रिंगांना (मोटरची नळी ट्यूबच्या मधोमध धरणाऱ्या), मोटर धरून ठेवणाऱ्या टोपणाला, आतल्या छोट्या अल्टिमीटरच्या (उंची मोजणारं यंत्र) कप्प्याला. आणि सगळ्यात जास्त, फिन्स चिकटवताना सरळ धरून ठेवणाऱ्या जिगला, जो रॉकेटसोबत उडतच नाही त्यामुळे त्याचं वजन कितीही असू दे, हवं तर तो १०० टक्के इनफिलने छापा.

सध्या जे उडवतोय त्यात कागदी ट्यूब, बाल्साचे फिन्स, छापलेला पोकळ कोन आणि तीन रिंगा आहेत. मोटर धरून ७१ ग्रॅम.