गेंटमधल्या जेवणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, दोनदा वाचला. लगेच उत्तर टाकलं नाही कारण आधी टूर लीडरशी, ऑफिसमधल्या मुलीशी आणि तिकडच्या आमच्या एजंटशी बोलून नक्की काय काय झालं ते समजून घ्यायचं होतं. कंपनी माझी आहे म्हणून मीच लिहितेय. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगते. बुकिंगच्या फॉर्मवर लेकीच्या नावापुढे तुम्ही स्पष्ट 'व्हीगन' (म्हणजे दूध, तूप, मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नको) लिहिलं होतं, तरी बेल्जियममधल्या गेंटला रविवारी रात्री तिला धड जेवण मिळालं नाही, सोमवारी दुपारी आम्ही 'हे चालेल' म्हणून दिलेले फ्राइज बीफच्या चरबीत तळलेले निघाले, आणि शेवटी तुम्ही म्हणता की व्हीगन माणसाने या गावात पाऊल ठेवू नये.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. चूक आमची आहे आणि त्याबद्दल मी तुमची आणि खास करून तुमच्या लेकीची मनापासून माफी मागते.

फ्राइजचं आधी सांगते कारण तेच सगळ्यात जास्त लागलंय, तुम्हालाही आणि आम्हालाही. युरोपियन युनियनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून नियम आहे की हॉटेल असो की टपरी, दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, मासे अशा १४ अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाने विचारली की द्यायलाच लागते. आमच्या टूर लीडरने त्या टपरीवर तो तक्ता मागून बघितला, दूध नाही, अंडं नाही, मेयोनीज अंड्याचं असतं म्हणून तेही घेऊ दिलं नाही, आणि बटाटाच तर आहे असं म्हणून कागदाचा कोन हातात दिला. पण चरबी त्या १४ मध्ये येतच नाही. बीफच त्या यादीत नाही, मग तक्त्यात त्याची चरबी कुठून येणार. मधही नाही येत, जिलेटीनही नाही येत. बेल्जियममध्ये फ्राइज बीफच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे आणि अजून बऱ्याच ठिकाणी तसेच तळतात, काहींना तर त्या चवीचा अभिमान असतो. तिथे पाटीवर कोपऱ्यात 'ओसेविट' असं लिहिलेलं होतं, तुमच्या लेकीने फोटो काढला आणि हॉटेलवर आल्यावर फोनवर त्याचं भाषांतर करून बघितलं तेव्हा कळलं की ते बीफच्या चरबीचंच नाव आहे. हे तिने शोधून काढायला नको होतं, हे आम्हाला आधीच माहीत असायला हवं होतं, १४ माणसांचे पैसे घेऊन आम्ही त्याच कामासाठी तर जातो.

तुम्ही लिहिलंय की लीडरने मुद्दाम दुर्लक्ष केलं. तेवढं एक वाक्य मला मान्य नाही आणि त्याच्यासाठी मला ते सांगायलाच हवं. तो पोरगा माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि त्याने त्याच टपरीवरचे तेच फ्राइज तुमच्या समोर उभं राहून खाल्ले. त्या रात्री त्याने मला फोन केला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याला माहीत नव्हतं, कारण मी त्याला शिकवलं नव्हतं.

रविवारचं जेवण. आपल्याकडे सवयच अशी की परदेशात व्हेज माणूस आहे, चला इंडियन रेस्टॉरंट. शाकाहारी माणसाची तिथे सोय होते, पण व्हीगन माणसाची सगळ्यात पंचाईत तिथेच होते हे आमच्या लक्षातच आलं नाही. डाळीला तुपाची फोडणी, पनीर तर विचारायलाच नको, कोफ्त्याच्या ग्रेव्हीत क्रीम, नानच्या कणकेत दही. राहिलं काय, तर भात, काकडी आणि लोणचं. तुमची लेक ताट पुढे घेऊन गप्प बसून होती असं लीडरने सांगितलं आणि मला माझीच लाज वाटली. त्यात आमच्या ऑफिसमधून बुकिंगच्या वेळी तुम्हाला फोनवर 'थोडं तूप चालेल ना?' असं विचारलं गेलं होतं, हे तुम्ही लिहिलंय, मी त्या मुलीला विचारलं, ती म्हणाली हो विचारलं होतं आणि उत्तर 'नाही' आल्यावरही तिने पुढे फक्त 'व्हेज' असंच कळवलं. आपल्या घरांमध्ये दूध-तूप म्हणजे शाकाहारच, त्यामुळे व्हीगन हा शब्द ऐकला तरी डोक्यात व्हेजच उमटतं. पण तुम्ही लिहून दिलेलं होतं, बोलूनही सांगितलं होतं, यापेक्षा गिऱ्हाइकाने अजून काय करायचं. हॉटेलवर परत येईपर्यंत साडेनऊ वाजले, आसपासचं सगळं बंद, आणि रिसेप्शनवरची दोन केळी खाऊन ती झोपली.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे गेंट. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे ताई, रागावू नका, कारण आमच्या चुकीचं खापर त्या गावावर फुटतंय आणि उद्या कुठलीतरी व्हीगन मुलगी तुमचं वाचून तिथे जायचं टाळेल. गेंट गाव तसं लहान, ब्रसेल्सहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास, पण २००९ च्या मे महिन्यात तिथल्या महानगरपालिकेनेच दर गुरुवारी शाकाहार असं जाहीर केलं, 'डोंडरडाख व्हेगीडाख' म्हणतात, आणि शहराने अधिकृतपणे असं करणारं जगातलं ते पहिलं शहर समजलं जातं. शाळेतल्या मुलांना गुरुवारी शाकाहारी जेवण, शाकाहारी खायच्या जागांचा नकाशा छापून लोकांना वाटला. जबरदस्ती कोणावर नाही, पण इतक्या वर्षांत तिथल्या वेटरला व्हीगन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सोया दुधाची अल्प्रो कंपनी मुळात बेल्जियमचीच, कॉफीत सोया दूध मागितलं तर कोणी चेहऱ्याकडे बघत बसत नाही. पाकिटावर 'प्लांटआर्डिख' दिसलं की वनस्पतीजन्य. स्लेपस्ट्राट नावाच्या रस्त्यावर तुर्की लोकांच्या खानावळी आहेत, तिथे मसूरडाळीचं सूप मिळतं, आपल्या आमटीची आठवण येईल असं, फक्त वरून बटर घालू नका हे आधी सांगायचं.

तिथले नावाजलेले पदार्थ मात्र व्हीगन माणसाच्या कामाचे नाहीत हे खरं. वॉटरझोई म्हणजे चिकन किंवा मासा, त्यात क्रीम आणि अंड्याचा बलक. वॉफलमध्ये अंडं, बटर. म्हणजे गेंटला जाऊन टुरिस्ट मेनू उघडला तर उपाशी आणि दोन गल्ल्या आत गेलं तर पोटभर, असं ते गाव आहे. आम्ही तुम्हाला त्या दोन गल्ल्या आत नेलंच नाही.

नेलं का नाही, तेही सांगते. आम्ही गेंट रविवार-सोमवार ठेवलं होतं कारण रविवारी रात्रीचं हॉटेल आम्हाला स्वस्त पडत होतं. नेमके हेच दोन दिवस तिथल्या छोट्या छोट्या जागा बऱ्याच बंद असतात, आणि उघड्या असतात त्यांचंही किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं. आपला ग्रुप किल्ला बघून तीनला जेवायला निघाला. मग टपरीशिवाय होतं काय. हे प्लॅनिंग मी केलं होतं, लीडरने नाही.

पुढच्या टूरपासून गेंट बुधवार-गुरुवार केलंय, हॉटेलला जास्त पैसे जातील ते आम्ही बघू. फॉर्मवर नुसतं व्हेज-नॉनव्हेज होतं, आता व्हीगन आणि जैन वेगळे आहेत आणि खाली दूध, तूप, दही, मध प्रत्येकाला हो की नाही असं भरायचंय. लीडरकडचं कार्ड फ्रेंचमध्ये होतं, ब्रसेल्सला चालून गेलं, पण गेंटची भाषा डच. इंग्लिश तिथे बहुतेक सगळ्यांना येतं हो, पण पाटी आणि पाकीट डचमध्येच असतं, म्हणून डचमध्ये नवीन कार्ड करून घेतलंय, त्यात कशात तळलंय, सूपचं पाणी कसलं आहे आणि बटर लावलंय का हे तीन प्रश्न आहेत, 'रुंटव्हेट' म्हणजे बीफची चरबी हा शब्द लाल अक्षरात छापलाय.

त्या दोन्ही जेवणांचे पैसे तिघांचेही परत केलेत, काल ट्रान्सफर झालेत, आणि कृपया त्याच्या बदल्यात रिव्ह्यू काढू नका. तो राहू दे. फक्त गेंटबद्दलची ती ओळ तुम्हाला पटलं तर बदला.

अजून एक. सोमवारी सकाळी भाजी मार्केटच्या चौकात, ते ग्रुंटेमार्क्ट म्हणतात तिथे, १७९० पासून मोहरी करणाऱ्या दुकानातून तुमच्या लेकीने एक बरणी घेतली होती. दुकानदाराने पिंपातून काढून समोर भरून दिली, तिने बोटावर घेऊन चाखली आणि डोळ्यात पाणी येऊन हसत 'आजीच्या लोणच्यातली फेसलेली मोहरी!' असं ओरडली, हे लीडरने मला सांगितलं. ती बरणी बसच्या सीटखाली राहिली होती. तो ती बॅगेत घालून घेऊन आलाय, आमच्या डोंबिवलीच्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलीये, बाहेर टिकत नाही ती. शनिवारी तुम्ही घरी असाल तर तो स्वतः आणून देतो म्हणतोय, त्याला तिला भेटून सॉरी म्हणायचंय. चालेल का, तेवढं कळवा.