छातीला कान लावून ब्लॉकेज कळत नाही

"छातीला कान लावा. लब-डब स्पष्ट आणि एकसारखं ऐकू आलं तर ब्लॉकेज नाही, दुखणं गॅसचं आहे, ओवा खा. हा आवाज हृदय बरगड्यांवर आपटल्याचा असतो. जितका मोठा, तितकं हृदय ताकदीचं. मध्येच फुसफुस आली तर हृदयाला भोक." निपाणीपासून खानापूरपर्यंत हा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय, आणि आता मावशीच्या फोनवरही आला. तिला साखर आहे, बीपी आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

बरगड्यांचं आधी उरकतो. छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला की ठोका लागतो, तो हृदयाचं टोक आतून छातीला टेकल्याचा, एवढं खरं. ऐकू येणारा आवाज मात्र वेगळा. हृदयाचे खालचे कप्पे आवळले की वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात, मागे फिरणारं रक्त एकदम अडतं आणि त्या झटक्याने रक्त, झडपा, भिंती सगळंच थरथरतं. हा लब. आवळणं संपलं की महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या तोंडच्या झडपा मिटतात, तो डब. मिनिटाला ७२ ठोके धरले तर लब ते डब साधारण ०.३ सेकंद, डब ते पुढचा लब ०.५.

आता घातक भाग. ब्लॉकेज होतं करोनरी नसांत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नसांत. त्या महाधमनीच्या झडपेच्या जरा वरून निघतात आणि हृदयाच्या बाहेरच्या अंगाने जातात. मोठी नससुद्धा तीन-चार मिलिमीटरची. तिच्यात चरबी साचली, वर रक्ताची गुठळी बसली, तरी झडपा उघडत-मिटत राहतात. म्हणून हार्ट अटॅक चालू असतानाही लब-डब नेहमीसारखं ऐकू येऊ शकतं! अटॅकमध्ये कधी कधी जादा आवाज उमटतो, हे मान्य. पण तो ओळखायला स्टेथोस्कोप आणि तयार कान लागतो, आणि तो आला नाही म्हणून डॉक्टर कुणाला घरी पाठवत नाहीत.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांची छातीदुखीवरची २०२१ची मार्गदर्शिका सांगते की दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून वाचून झाला पाहिजे. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही, तर पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) बघतात. नस पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन १२ तासांच्या आत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. जांबोटी-कणकुंबीसारख्या आडगावच्या माणसाचा तर रस्त्यातच वेळ जातो, त्याने वर ओवा खाऊन वाट बघायची? पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत कर्नाटकातल्या ठरावीक सरकारी दवाखान्यांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत आहे. छातीत दाब, हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, यातलं काहीही झालं की १०८ लावा. साखरवाल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, थकवाही येतो. म्हणजे मेसेजचा फटका नेमका मावशीसारख्यांनाच.

मोठा आवाज म्हणजे ताकद, हेही चूक. सडपातळ छातीवर आवाज मोठा येतो, जाड छातीवर दबका. उलट मायट्रल झडप अरुंद झालेल्यांचा लब बऱ्याचदा नेहमीपेक्षा मोठा असतो.

फुसफुस, म्हणजे डॉक्टरांची मरमर, ही रक्त खळाळत गेल्याची. ती निरोगी पोरांत, तापात, रक्त कमी असताना, गरोदरपणातही येते. भोक हे त्यातलं एक कारण, आणि ते आहे की नाही हे एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतो. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रुमॅटिक तापाने झडप बिघडल्यामुळे ज्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिन चालू आहे, त्यांनी फुसफुस ऐकू येत नाही म्हणून ते मनाने बंद करू नये. घसा पुन्हा बिघडून ताप उलटला तर तीच झडप आणखी खराब होते.