दारूकाम, ट्रायपॉड आणि खांद्यावरचं पोरगं

सोलापुरात होम मैदानावरचं सिद्धेश्वर यात्रेचं शोभेचं दारूकाम बघायला दोन डोळे पुरतात. त्याचा फोटो काढायचा तर ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायचं वायरवालं बटण), जादा बॅटरी, चिकटपट्टी आणि कुणाच्या अंगावर न खेकसण्याचा निर्धार लागतो. यातली शेवटची वस्तू नवी पेठेतसुद्धा मिळत नाही.

पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याची हुशारी बंद करणं. ऑटोवर ठेवला की काळं आभाळ बघून तो घाबरतो आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 6400 वर नेतो. अहो, फटाका स्वतःच दिवा आहे! आयएसओ 100 आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/8 ते एफ/11 पुरे (आकडा मोठा तितकं भोक लहान). फोकसही हातानेच करायचा, कारण अंधारात ऑटोफोकस लेन्स मागेपुढे फिरवत बसतो आणि तोवर गोळा फुटून विझतो. गड्ड्यातल्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या, लांबच्या पाळण्याचा दिवा लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) मोठा करून फोकस साधा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. रिंग शेवटपर्यंत फिरवून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच लेन्स अनंताच्याही, म्हणजे सर्वांत लांबच्या फोकसच्याही, पुढे जातात. तिकडे काय आहे ते सिद्धरामेश्वर जाणे, फोटो मात्र धूसर येतो.

शटर बल्बवर ठेवा, म्हणजे बटण दाबून धराल तोवर ते उघडं राहतं. गोळा वर सुटला की बटण दाबून धरायचं, पाकळ्या खाली वळून विझल्या की सोडायचं. दोन ते चार सेकंद. धडाम ऐकून बटण दाबाल तर फसाल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरावर तो पोचेपर्यंत फूल सेकंदभर शिळं झालेलं असतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे पुसणारी सोय, बंद हवी, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोमागे कॅमेरा आणखी चार सेकंद चिंतन करतो.

हे सगळं जमतं. जमत नाही ती गर्दी. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, खाली पिशवी टांगा. तरी नेमकं शटर उघडं असताना कुणीतरी पायाला अडखळतं आणि आभाळातलं कमळ गांडुळासारखं वळवळतं. वर "काय बे, मध्येच काय रोवलंय हे?" हेही आपणच ऐकायचं. समोरच्या बापाच्या खांद्यावर पोरगं चढतं तेही शटर उघडल्यावरच. म्हणून फ्रेम आधीच डोक्यांच्या बरीच वर धरावी. माझ्या मते निम्मी फोटोग्राफी एवढीच.

चांगले फोटो सुरुवातीलाच घ्या. नंतर धूर साचतो आणि तांब्याच्या क्षारांचा निळा, जो मुळातच मंद, सगळ्यांत आधी बुडतो. वारा पाठीशी असेल अशी जागा धरा, नाहीतर धूर थेट तोंडावर. शेवटी सगळे गोळे एकदम सुटतात तेव्हा एफ/16 आणि सेकंदभर बास. जास्त दिलंत तर नुसता पांढरा डाग.

आणि काहीही झालं तरी मैदानात लेन्स बदलू नका. होम मैदानाची धूळ एकदा सेन्सरवर बसली की एफ/11 ला ती ठसठशीत दिसते, आणि सेन्सर साफ करेपर्यंत काढलेल्या प्रत्येक आभाळात, पुतण्याच्या लग्नाच्या वरातीवरसुद्धा, यात्रा चालूच राहते.