तीन तिकिटं स्वस्त, चौथं महाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विमानाच्या तिकिटांचे भाव कसे ठरतात यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता: "यात गणितबिणित काही नाही, सरळ लूट आहे. सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. एसटीसारखं टप्प्याला इतके रुपये का नाही? रिफंडच्या अटीही लपवून ठेवतात. आणि तुम्ही कंपन्यांची वकिली करताय." तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी. वकिली मी करत नाही. लुटीचं म्हणाल तर अर्धं मान्य.

गेल्या दिवाळीत आम्ही चौघं पुण्याहून दिल्लीला गेलो. चौघांसाठी शोधलं तर माणशी ६,८००, तिघांसाठी शोधलं तर ५,४००. विमान तेच, वेळ तीच. इकॉनॉमी आपल्याला एक दिसते, पण आत तिचे वाय, बी, एम, क्यू असे अक्षरांचे, वेगवेगळ्या भावांचे कप्पे असतात. एजंटच्या स्क्रीनवर 'वाय९ एम४ क्यू३' असं काहीतरी दिसतं, म्हणजे क्यूच्या भावात तीनच सीट शिल्लक. (नऊच्या वरचा आकडा तिथे सहसा दिसतच नाही.) एकदम चार मागितल्या की चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लागतो. मी तीन आणि एक अशी तिकिटं काढली, ४,२०० वाचले. पीएनआर वेगळा पडल्यामुळे बायको-मुलं अकराव्या रांगेत आणि मी बाविसाव्या. तुमचा सकाळ-संध्याकाळचा फरकही बहुधा असाच पडला असावा: मधल्या वेळेत कोणीतरी त्या स्वस्त सीट नेल्या.

हे झालं साध्या, एका टप्प्याच्या प्रवासाचं. परतीचं तिकीट, दोन कंपन्या, मध्ये विमान बदलणं आलं की किती दिवस आधी काढायचं, किमान किती दिवस राहायचं, कुठलं भाडं कुठल्या भाड्याला जोडता येतं, असे नियम एकमेकांत गुंततात. विमानभाडी शोधण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचे कार्ल द मार्कन यांनी तर दाखवून दिलं होतं की हे नियम जसेच्या तसे धरले तर सगळ्यात स्वस्त तिकीट हमखास शोधून देणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. ही कंपनी गूगलने २०११ मध्ये विकत घेतली.

एसटीचा हिशेब विमानाला लावला तर उद्या सकाळी मीटिंगला धावणाऱ्याचं तिकीट उतरेल आणि दोन महिने आधी काढणाऱ्या आजी-आजोबांचं चढेल. मला ते नको.

पण अटींबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. रिफंड किती मिळणार हे पैसे भरण्याआधी एका ओळीत सांगायला कुठलंही गणित आड येत नाही. तिथे लपवाछपवीच आहे. आणि 'लवकर काढलेलं तिकीट स्वस्तच पडतं' हे माझ्या त्या लेखातलं वाक्य ढिसाळ होतं. स्वस्त कप्पा बंद करून मागाहून पुन्हा उघडतातही. ते वाक्य आज काढून टाकलं.